कुंडीतला पाइन प्रदर्शनाला निघतो!

मित्रांनो, जानेवारीचा शेवटचा आठवडा आला, की पुण्यातल्या झाडवेड्या मंडळींचे पाय आपोआप एम्प्रेस गार्डनकडे वळतात. कॅम्पाच्या पुढे, रेसकोर्सजवळ ही बाग आहे. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास इथे दरवर्षी फुलांचं मोठं प्रदर्शन भरतं. गुलाब, शेवंती, डेलिया यांच्या रांगाच रांगा! मुलांसाठी चित्रकलेच्या स्पर्धाही असतात. या वर्षी तुम्ही गेलात, तर एक करा. आई-बाबांना गुलाबांपुढे रेंगाळू द्या आणि तुम्ही थेट बोन्सायच्या टेबलांकडे चला.

पण थांबा! त्याआधी जरा मान वर करा. ही बाग सुमारे ३९ एकरांची आहे. इंग्रजांच्या काळात तिला 'सोल्जर्स गार्डन' म्हणत. पुढे व्हिक्टोरिया राणीने 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' हा किताब घेतला आणि बागेचं नाव 'एम्प्रेस गार्डन' झालं. ही बाग सांभाळते ती १८३० साली स्थापन झालेली ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया. इथले जुने वृक्ष इतके उंच आहेत, की त्यांचा शेंडा पाहताना टोपी पडावी! मांडवाएवढा पसारा असलेल्या वडाखाली क्षणभर उभे राहा. आता बोन्सायच्या टेबलापाशी या. तोच वड, त्याच पारंब्या, तसंच जाडजूड खोड. पण सगळा मिळून तुमच्या दप्तराएवढा! आहे की नाही गंमत?

वामनवृक्ष म्हणजे काय?

'बोन्साय' हा जपानी शब्द. 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साय' म्हणजे लावलेलं रोप. ही कला मूळची चीनमधली. तिथून ती जपानात गेली आणि जपान्यांनी तिला आपलं रूप दिलं. मराठीत आपण बोन्सायला 'वामनवृक्ष' म्हणतो. किती नेमका शब्द आहे पाहा. वामनाची मूर्ती लहान, पण तीन पावलांत त्याने त्रिभुवन व्यापलं! बोन्सायही तसंच. ते बुटक्या जातीचं झाड नसतं, बरं का. त्याच झाडाचं बी जमिनीत पेरलं, तर त्याचा भलाथोरला वृक्ष होईल. चिंचेचं बोन्साय घेतलंत, तर छाटणीमुळे त्याची पानं लहान होतील. पण त्याला चिंच लागली, तर ती मात्र लहान होणार नाही. एवढ्याशा झाडाला लोंबणारी भलीमोठी चिंच पाहिली, की हसूच येतं.

तुमच्यापैकी कुणीतरी आता विचारणारच, "पण हा झाडाचा छळ नाही का? त्याला वाढू द्यायचं नाही, उपाशी ठेवायचं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण उपाशी ठेवलेलं झाड बुटकं होत नाही, ते मरतं! बोन्सायला खत लागतं, पाणी लागतं, भरपूर ऊन लागतं. आपण फक्त त्याच्या फांद्या आणि मुळं वेळोवेळी छाटतो. मुळं छाटली, की नवी बारीक मुळं फुटतात आणि झाड ताजंतवानं होतं. नीट सांभाळलेलं बोन्साय जमिनीतल्या भावंडांइतकं, कधीकधी त्यांच्याहूनही जास्त जगतं. छळ होतो तो आपण आळस केला, तर. जमिनीतलं झाड पाण्यासाठी मुळं खोल पाठवू शकतं. कुंडीतलं झाड कुठे जाणार? त्याला आपल्याशिवाय कुणी नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी हकिगत तिच्याभोवतीच फिरते.

वड माफ करतो, पाइन करत नाही

पुण्यातल्या प्रदर्शनांत तुम्हाला वड, पिंपळ, उंबर, बोगनवेल, चिंच, कामिनी यांची बोन्साय खूप दिसतील. सुयांसारख्या पानांचा पाइन त्या मानाने क्वचित. का बरं?

वड-पिंपळ आपले घरचे. जुन्या वाड्याच्या भिंतीत, गच्चीच्या पन्हाळीत, पुलाच्या दगडांत पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं आणि वड उगवतो. चिमूटभर मातीवर वर्षानुवर्षं जगतो. म्हणजे निसर्गानेच केलेलं बोन्साय! शिवाय वडाची फांदी चुकीची छाटली, तरी बिघडत नाही. जुन्या खोडातूनही त्याला नवा कोंब फुटतो. वड म्हणतो, "असू दे रे, पुन्हा प्रयत्न कर."

पाइनचं तसं नाही. त्याच्या फांदीवरच्या सगळ्या हिरव्या सुया काढल्या, तर ती फांदी बहुधा कायमची गेली! जुन्या लाकडातून त्याला सहज कोंब येत नाही. म्हणून पाइनला कात्री लावण्याआधी दहा वेळा विचार करावा लागतो.

पाइन तरी सगळे एकसारखे कुठे असतात? ते ओळखण्याची एक सोपी युक्ती सांगतो. पाइनच्या सुया सुट्या नसतात, जुडीने येतात. एका जुडीत किती सुया आहेत, ते हात न लावता मोजा. दोन असल्या, तर तो जपानी काळा पाइन असू शकतो. तीन असल्या, तर आपल्या हिमालयातला चीड असू शकतो. आणि पाच असल्या, तर कदाचित जपानी पांढरा पाइन! यातला पांढरा पाइन डोंगरावरच्या थंडीत रमणारा. त्याला पुण्याचा मे महिना सोसणं फार कठीण. काळा पाइन समुद्रकाठी वाढणारा, त्यामुळे उन्हाला जरा खंबीर. चीडही हिमालयाच्या पायथ्याजवळच्या तापणाऱ्या उतारांवर वाढतो. पुण्यात पाइनचा हट्ट धरायचा, तर या दोघांपैकी एकाकडे वळणं शहाणपणाचं.

तीन ऋतू, तीन परीक्षा

पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. म्हणून इथे मुंबईसारखा घाम येत नाही आणि जानेवारीच्या पहाटे चांगलं कुडकुडायला होतं. पण एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि जून ते सप्टेंबर पाऊस. पाइनला दरवर्षी या तिन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

पहिली परीक्षा उन्हाळ्याची. उथळ कुंडीतली माती गच्चीवर काही तासांत सुकते. सकाळी पाणी, गरज पडली तर संध्याकाळी पुन्हा पाणी. पण डोळे मिटून पाणी घालायचं नाही! जळून गेलेल्या उदबत्तीची काडी मातीत हलकेच खुपसा, पाच मिनिटांनी बाहेर काढा. ओली निघाली, तर थांबा. जवळजवळ कोरडी निघाली, तर पाणी घाला आणि असं घाला, की कुंडीच्या खालच्या भोकांतून ते वाहून गेलं पाहिजे. दुपारच्या कडक उन्हात कुंडी तापून मुळं भाजू नयेत, म्हणून वर हिरवी जाळी बांधतात.

आणि मे महिन्यात आपण मामाच्या गावाला जातो, त्याचं काय? इथेच खरी मेख आहे! पंधरा दिवस कुणी पाणी घातलं नाही, तर पंधरा वर्षांचं झाड संपतं. म्हणून बोन्साय करणाऱ्यांचे शेजाऱ्यांशी संबंध फार चांगले असतात म्हणे!

दुसरी परीक्षा पावसाळ्याची. तुम्हाला वाटेल, पाऊस म्हणजे झाडांची चंगळ. पण पाइनला पाय ओले ठेवलेले मुळीच खपत नाहीत. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. म्हणून त्याला बागेतली चिकट काळी माती देत नाहीत. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत चाळून घेतात. चाळणीतून पडलेली पूड टाकून देतात, कारण ती भोकं बुजवते. झड लागली, की कुंडीच्या एका बाजूखाली विटेचा तुकडा सरकवून ती तिरकी करतात, म्हणजे पाणी साचत नाही. फारच पाऊस झाला, तर वर पारदर्शक पत्रा.

कुंडी बदलताना पाइनच्या मुळांवर कधीकधी पांढरी बुरशी दिसते. नवखा माणूस घाबरतो आणि ती खसाखसा धुऊन काढतो. अहो, ती तर पाइनची मैत्रीण! ही बुरशी मातीतलं पाणी आणि क्षार मुळांना मिळवून देते आणि झाड तिला त्या बदल्यात साखर देतं. म्हणून नव्या मातीत थोडी जुनी मातीही मिसळतात.

तिसरी परीक्षा थंडीची, किंवा खरं म्हणजे पुरेशी थंडी नसण्याची! जपानात हिवाळ्यात पाइन गाढ झोपतो. पुण्यात त्याला जेमतेम डुलकी मिळते. तेव्हा त्याला घरात, दिवाणखान्यात ठेवणं म्हणजे ती डुलकीही मोडणं. पाइनची जागा बाराही महिने उघड्यावरच.

मेणबत्त्या आणि तारा

थंडी ओसरली, की पाइनच्या टोकांवर उभे, फिकट कोंब येतात. अगदी छोट्या मेणबत्त्यांसारखे दिसतात आणि जाणकार त्यांना मेणबत्त्याच म्हणतात. काळ्या पाइनच्या या मेणबत्त्या जपानात साधारण जून-जुलैत कापतात. मग झाड पुन्हा नवे कोंब काढतं, पण त्यांना वाढायला दिवस थोडे मिळतात. म्हणून सुया आखूड येतात आणि झाड नाजूक, रेखीव दिसतं. या दुसऱ्या कोंबांना पक्कं व्हायला सुमारे शंभर दिवस लागतात. म्हणजे हिवाळ्यातल्या प्रदर्शनाची तयारी भर उन्हाळ्यात सुरू होते!

पण सावधान! हे फक्त निरोगी, धष्टपुष्ट काळ्या पाइनलाच सोसतं. पांढऱ्या पाइनला वर्षातून एकदाच फूट येते, त्याच्या मेणबत्त्या अशा कापत नाहीत. आणि जपानी पुस्तकातली तारीख पुण्यात जशीच्या तशी चालत नाही. इथे जून-जुलैत ढग आणि पाऊस. म्हणून कॅलेंडर बघायच्या आधी झाडाकडे बघावं लागतं.

फांद्यांना वळण देण्यासाठी ॲल्युमिनियमची किंवा तापवून मऊ केलेली तांब्याची तार गुंडाळतात. तारेची जाडी फांदीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश, आणि तिरके वेढे. मग फांदी हळूहळू, तिचा अंदाज घेत वाकवायची. फांदी वाढून जाड होते, तशी तार सालीत रुतू लागते. रुतण्याआधीच ती काढायला हवी, नाहीतर साप गुंडाळल्यासारखा वण वर्षानुवर्षं राहतो. तार काढताना उलगडत बसायचं नाही. ती जागच्या जागी छोटे तुकडे करून कापायची. तार वाचवायला जाल, तर फांदी गमवाल!

प्रदर्शनाची लगबग

आता प्रदर्शन दोन-तीन महिन्यांवर आलंय. काय काय करतात, पाहा.

आधी जुन्या, पिवळ्या पडलेल्या सुया चिमट्याने एकेक करून काढतात. काळ्या पाइनच्या शेंड्याकडे जोर जास्त असतो, म्हणून तिथल्या सुया जास्त काढतात. खालच्या फांद्या अशक्त असतात, तिथल्या तशाच ठेवतात. असं केलं, की ऊन आत पोचतं आणि सगळ्या फांद्यांना सारखी ताकद मिळते. एका पाइनला हे काम करायला अख्खा दिवस सहज जातो.

मग झाडाची 'पुढची बाजू' ठरवतात. बोन्सायलाही चेहरा असतो बरं का! जिथून मुळं चहूकडे पसरलेली दिसतात, खोडाची लय दिसते आणि शेंडा किंचित आपल्याकडे झुकून नमस्कार करतोय असं वाटतं, ती पुढची बाजू. पाइनला सहसा बिनचकाकीची, तपकिरी मातकट कुंडी शोभते. चकचकीत निळी कुंडी फुलांच्या झाडाला.

शेवटच्या काही दिवसांत तण उपटतात. मातीवर हिरव्या शेवाळाची पातळ चटई बसवतात. हे शेवाळ पुण्यात कुठे मिळतं? पावसाळ्यात कंपाउंडच्या भिंतीवर हवं तेवढं! ते खरवडून, सुकवून ठेवलेलं असलं, की झालं. कुंडी ओल्या फडक्याने पुसून तेलाचा पुसट हात फिरवतात, म्हणजे पाण्याचे पांढरे डाग लपतात. खाली लाकडी चौरंग आणि शेजारी छोट्या वाटीत एखादं गवताचं किंवा नेच्याचं रोप. झाली पाइनची दिवाळी!

प्रवासाची तऱ्हा तर पाहण्यासारखी. कुंडी खोक्यात घट्ट बसवायची, भोवती वर्तमानपत्रांचे बोळे, फांदी कुठेही घासता कामा नये. रिक्षावाल्याला "काका, जरा हळू!" असं प्रत्येक स्पीडब्रेकरला सांगायचं. नवरीमुलीच्या पाठवणीतही एवढी काळजी घेत नसतील!

जायचं की थांबायचं?

पण या सगळ्या लगबगीआधी एक प्रश्न असतो आणि तोच सर्वांत अवघड. या वर्षी झाडाला न्यायचं का?

विचार करा. सुया उपटणं, फांद्या वाकवणं, प्रवास, मग दोन-चार दिवस मांडवाच्या सावलीत उभं राहणं. यातली प्रत्येक गोष्ट झाडाची थोडी थोडी ताकद खाते. निरोगी पाइन ते सोसतो. पण ज्या पाइनच्या सुया निस्तेज आहेत, मेणबत्त्या यंदा बारीक आल्या, पावसाळ्यात ज्याची मुळं कुजता कुजता वाचली, त्याला हे सोसवेलच असं नाही. बरं, पाइन आपलं दुखणं लगेच सांगतही नाही. मुळं गेली, तरी सुया कित्येक आठवडे हिरव्या दिसतात. आपण बक्षीस घेऊन घरी येतो, आनंदाने पेढे वाटतो, आणि झाड आतून संपत आलेलं असतं.

म्हणून जाणते लोक स्वतःचा हौसमौजेचा विचार बाजूला ठेवून झाडाला विचारतात. सुया गडद आहेत ना? कोंब भरदार आहेत ना? वाढ सगळीकडे सारखी आहे ना? उत्तर 'हो' आलं, तर चौरंग काढायचा. 'नाही' आलं, तर झाडाला सरकीच्या पेंडीचं खत, ऊन आणि विश्रांती द्यायची आणि आपण रिकाम्या हाताने, नुसतं बघायला प्रदर्शनाला जायचं. वर्षभर राबून ऐन वेळी थांबणं सोपं नाही, मित्रांनो! शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी करून शेवटच्या दिवशी नाव मागे घ्यावं लागलं, तर कसं वाटेल? तसंच. पण झाडाला पुढचं वर्ष हवं असेल, तर हे करावं लागतं.

आणि प्रदर्शनाहून परतल्यावरही काम संपत नाही. मातीवरचं जाड शेवाळ काढायचं, झाडाला पुन्हा उन्हात त्याच्या नेहमीच्या जागी ठेवायचं आणि काही काळ कात्रीला सुट्टी द्यायची.

शिवरायांहून मोठं झाड

एवढा जीव लावून काय होतं, त्याची एक खरी गोष्ट ऐका. जपानमधल्या हिरोशिमा शहरात यामाकी नावाचं एक बोन्साय जोपासणारं घराणं होतं. त्यांच्याकडे एक पांढरा पाइन होता. त्याला १६२५ सालापासून कुंडीत वाढवलं जात होतं. आपल्या शिवाजी महाराजांचा जन्म १६३० सालचा. म्हणजे हा पाइन त्यांच्याहूनही मोठा!

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला. यामाकींची बाग तिथून साधारण तीन किलोमीटरवर होती. घराच्या काचा फुटून उडाल्या. पण बागेच्या भिंतीमुळे पाइन वाचला, आणि घरातली माणसंही. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली, तेव्हा जपानने त्या देशाला ५३ बोन्साय भेट दिली. त्यात मासारू यामाकी यांनी हा पाइन दिला. ज्या देशाने बॉम्ब टाकला, त्याच देशाला! हे झाड अणुबॉम्बमधून वाचलेलं आहे, हे वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयातल्या लोकांना कळलं ते २००१ मध्ये, यामाकींचे नातू ते पाहायला गेले तेव्हा. चारशे वर्षं झाली. या काळात त्याला किती हातांनी पाणी घातलं असेल! त्यातल्या एकानेही जर "आज कंटाळा आलाय" म्हणून महिनाभर हात आखडला असता, तर ही गोष्ट तिथेच संपली असती.

तुम्ही काय कराल?

बोन्सायच्या बाबतीत आपलं पुणंही काही मागे नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये प्राजक्ता काळे यांनी पुण्यात तब्बल ३,३३३ बोन्साय एकत्र मांडून गिनीज बुकात विक्रम नोंदवला. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यानही पाहून या. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या तीनशे वर्षं जुन्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलेलं आहे. झाडाला आकार देण्याची जपानी नजर तिथे कळते.

आणि स्वतः करून पाहायचं असेल, तर पाइनपासून सुरुवात नको. नर्सरीतून वडाचं किंवा उंबराचं साधं रोप आणा. डोंगरावरचं, गडावरचं झाड मात्र उपटून आणायचं नाही, ते तिथलंच आहे. पहिलं वर्ष कात्री नको, तार नको. फक्त रोज सकाळी उदबत्तीची काडी आणि लागेल तेवढं पाणी. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा तुमच्या हातून ते झाड निभावलं, की कात्री हातात घ्या.

जानेवारीत टेबलापाशी उभे राहाल, तेव्हा झाड खालून वर पाहा. आधी मुळं, मग खोड, मग फांद्या, शेवटी शेंडा. पाइन दिसला, तर सुयांची जुडी मोजा. हात लावू नका! आणि झाडाचे मालक जवळ असले, तर "किती वर्षांचं आहे?" एवढंच विचारू नका. ते तर सगळेच विचारतात. तुम्ही विचारा, "काका, मे महिन्यात याला पाणी कोण घालतं?" बघा, ते किती खुशीने बोलायला लागतात ते!